शटडाऊननंतरचं रीडिंग

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये हीट-रन लावला की
सोळा-सोळा तास ट्रान्सफॉर्मर एका सुरात गुणगुणतो
आणि दर अर्ध्या तासानं मी वहीत लिहिते
वरच्या तेलाचं तापमान.
एकसष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.
नवी पोरं विचारतात, मॅडम, आत गुंडाळी किती तापलीय?
मी सांगते, चालू असताना ते कळत नाही.
आधी वीज तोडायची,
मग दोन मिनिटांच्या आत मोजायचं.

अकरा वर्षं हे सांगतेय.

मलाही सगळे वरचं तेलच विचारायचे.
दांडियाबाजारात भाजीवाली: बरं चाललंय ना?
वाघेलासाहेब: दिघेबेन, ऑल ओके?
घरी ओजस, वहीतून मान वर न काढता: आई, दमलीस?
चौसष्ट, मी म्हणायचे. मर्यादेत आहे.

मर्यादा कुणी आखली, हे त्या मार्चात
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
एकतीसच्या आत सहा यंत्रं बाहेर काढायची होती,
रात्रपाळीचा नीरव बहिणीच्या लग्नाला गेलेला,
त्याची पाळी माझ्या पाळीला शिवून टाकली,
टाका दिसू नये अशी.

आधी जेवणाची चव गेली. ती गेल्याचं
मला फार उशिरा कळलं,
सेव-उसळीच्या गाडीवर,
गाडीवाल्यानं तर्री देता देता विचारलं तेव्हा,
तिखट जास्त झालं का? डोळ्यांत पाणी आलंय.

मग अठ्ठावीसच्या पहाटे तीनला
जशुभाईंनी माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं.
जन्मभर तांब्याची तार गुंडाळून त्यांची बोटं वाकलीत,
फार बोलत नाहीत ते.
सात ओळी. सातही ठिकाणी चौसष्ट पॉइंट दोन.
काटा अडुसष्टावर होता.
मी दर वेळी उठून मीटरपाशी गेले होते,
शपथेवर सांगते, गेले होते,
आणि काहीच पाहिलं नव्हतं.
ते म्हणाले, ‘बेन, मशीन बंद करुं के तमने?’

पार्किंगमध्ये स्कूटर सुरू कशी करतात ते आठवेना.
किल्ली हातातच होती.

रावपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी तीन आठवडे लिहून दिले.
पहिला मी झोपले, आणि उठून सगळ्यांवर खेकसले.
विश्रांती गोड असते म्हणणाऱ्यांनी
कधी वीज तोडून पाहिलेली नसावी.
आतली धग आधी बाहेर येते,
जवळ उभं असेल त्याला लागते.
दुसऱ्या आठवड्यात पुलाच्या कठड्याशी उभी राहून
विश्वामित्रीतली मगर पाहत राहिले:
चिखलात आडवी, जबडा उघडा.
चणेवाला म्हणाला, भुकेली नाही, अंग थंड करतेय.
तासभर. तिला कुणाचा फोन आला नाही.

रात्री दहानंतर टेस्टिंगला दोन माणसं हवीत,
हे परतल्यावर मी लेखी मागितलं.
वाघेलासाहेबांनी पंधरा दिवस कागद टेबलावर ठेवला,
मग सही केली,
खाली पेन्सिलीनं ‘जूनपर्यंत’ असं लिहून.
जूनमध्ये पुन्हा मागेन.

तांब्याचं काही बिघडत नाही. निवलं की जसंच्या तसं.
त्याच्याभोवतीचा कागद मात्र विसरत नाही:
जितका तापला तितका ठिसूळ,
मागून किती का थंड तेल फिरवा.
कागद पुन्हा पहिल्यासारखा होत नाही,
यापुढे कमी तापवता येतो, एवढंच.
नव्या पोरांना हे मी आता
जरा जास्त वेळ घेऊन सांगते.

काल ओजसनं विचारलं, दमलीस?
मी दुधी चिरत होते. सुरी खाली ठेवली,
गॅस बंद केला,
आणि दोन मिनिटांच्या आत
खरं काय ते सांगितलं.
तो थोडा वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, पोळ्या कोपऱ्यावरून आणतो,
पैसे दे.